मधलं दार

ताई: मीठ की साखर? नुसतं फळीकडे बोट दाखवून मला काय कळणार? दोन्ही डबे आईच्या वेळेपासून शेजारी शेजारी बसलेत. मीठ हवं असेल तर मान एकदा हलव, साखर हवी असेल तर दोनदा. आता हे तीनदा काय? तिसऱ्या डब्यात धुण्याचा सोडा आहे.

गुरुजी: …

ताई: राहू दे. दोन्ही घालते. लिंबाच्या सरबतात दोन्ही घातलं की कुणालाच वाईट वाटत नाही. तुझं हल्ली तेच धोरण आहे ना? असं बघू नकोस माझ्याकडे. आणि पाटीसाठी हात तर मुळीच पुढं करू नकोस. मौन म्हणजे मौन. परवा काय लिहिलंस पाटीवर? 'भाजी खारट.' देवासाठी जीभ बांधून घेतलेला माणूस, आणि त्याचं पहिलं वाक्य भाजीवर. तेव्हाच पाटी पिठाच्या डब्यामागं गेली. ती आता उद्याच बाहेर येईल, तुझं तोंड उघडलं की.

गुरुजी: …

ताई: हो, उद्या. तेच तर मी म्हणतेय. सभा आज दुपारी, तुझं मौन सुटणार उद्या सकाळी. मी शाळा अर्ध्यात सोडली, पण आज आणि उद्यातला फरक मला कळतो. अख्खी गल्ली पाडायची की नाही हे आज ठरणार. लोक हात वर करणार, आणि त्यांचा गुरुजी समोर बसून फक्त पापण्या हलवणार. बाबा असते तर... जाऊ दे. बाबांचं नाव काढलं की तू मान खाली घालतोस आणि मग तुझा तो मागचा टक्कल पडलेला गोल दिसतो, मला दया येते. मला आज दया यायला नकोय. खिडकीतून काय बघतोस? कोण आहे तिथं?

गादीवाला: मी आहे, ताई. गादीवाला. येऊ का आत?

ताई: ये की. गल्लीकडचं दार लोटलेलंच आहे.

गादीवाला: अंगावर कापूस आहे. झटकून आलोय, तरी उडेल थोडा.

ताई: उडू दे. या घरात सध्या तेवढंच काहीतरी हलेल. बस. सरबत घे. मीठ-साखर दोन्ही आहे, तक्रार करायची नाही.

गादीवाला: घेतो. गुरुजी, नमस्कार. नाही, मी आज वाकणार नाही. तुम्ही हात वर आणू नका. असू दे तो मांडीवरच.

ताई: हे काय बोलणं झालं?

गादीवाला: रागावू नका, ताई. मागल्या वेळी वाकलो आणि घर घालवून बसलो.

ताई: नीट सांग. मला उखाण्यात बोललेलं कळत नाही.

गादीवाला: तुम्हाला आपल्या गल्लीची रीत ठाऊक आहे. लग्न असो, ऑपरेशन असो, नवं मशीन घ्यायचं असो, आधी गुरुजींच्या हाताखाली डोकं. हात पडला की काम पुढं. तर मी मागल्या आठवड्यात आलो होतो ते 'नको' सांगायला. तुम्ही बाजारात गेला होतात. म्हटलं, गुरुजी, मला त्या खाणीपलीकडच्या नव्या घरात नाही जायचं, तुम्ही तरी बिल्डरच्या लोकांना सांगा. एवढं बोललो आणि रडू आलं. पुरुषासारखा पुरुष, रडताना दिसायला नको, म्हणून मान खाली घातली. तर गुरुजींचा हात आला डोक्यावर. चांगला जड. म्हटलं, संपलं. गुरुजी म्हणतायत जा.

ताई: आणि तू गेलास?

गादीवाला: संध्याकाळी भाचेसाहेब दारात आले, 'काका, काय ठरलं?' मी म्हटलं, हो. बायको भांडं घासत होती, तिच्या हातातून ते तसंच सुटलं. म्हणाली, गेलात काय सांगायला आणि आलात काय घेऊन.

ताई: अरे देवा. अरे, तो कुणाच्याही डोक्यावर हात ठेवतो. परवा गॅसवाला सिलिंडर ठेवायला वाकला, तर त्याच्याही डोक्यावर ठेवला. गॅसवाला घाबरला बिचारा.

गादीवाला: गॅसवाल्याचं घर जात नाही ना, ताई. आणि मी एकटा नाही. इस्त्रीवाल्या आजी येऊन गेल्या, कुलूपवाला येऊन गेला, त्या दोघी नर्स बहिणी येऊन गेल्या. सगळे विचारायला आले आणि डोक्यावर हात घेऊन गेले. आजींनी तर कोळशाची इस्त्री भंगारात दिली. नव्या घरात कोळसा पेटवू देणार नाहीत म्हणे. मी म्हटलं, आजी, थांबायचं होतं थोडं. तर म्हणाल्या, गुरुजींचा हात पडल्यावर थांबायचं कशाला.

ताई: ऐकतोयस का? त्या इस्त्रीवर त्या बाईनं नवरा गेल्यावर तीन पोरं मोठी केली.

गुरुजी: …

ताई: आता डोळे मिटू नकोस. डोळ्यांचं मौन ठरलं नव्हतं.

गादीवाला: बरं, प्रार्थनेनंतर बोलावं, तर तेही बंद पडलं. गुरुजी नेहमी शेवटी विचारायचे, 'कुणाचं काही राहिलंय का?' मग ज्याचं असेल तो उभा राहायचा. पाण्याच्या पाळीचं भांडण असो, कुणाची पोर घरातून निघून गेलेली असो. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून तसंच आहे. त्यांनी विचारल्याशिवाय तिथं कुणी तोंड उघडत नाही. आता गुरुजीच गप्प, म्हणजे आम्ही सगळेच गप्प. प्रार्थना संपते, आम्ही एकमेकांची तोंडं बघतो आणि पोटातलं पोटात घेऊन घरी जातो.

ताई: हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

गादीवाला: तुम्ही मागं बायकांत बसता, ताई. तिथं कुजबूज चालू असते. पुढं आलात की कळतं, किती शांत झालंय ते.

भाचा: आई, पलीकडं प्रार्थनाघरातला मोठा पंखा लागत नाहीये. लोक जमायला लागलेत, सगळे आपापल्या हातानं वारा घेतायत. अरे, काका? तुम्ही इथं काय करताय? सभा पलीकडं आहे.

ताई: हे बघ, आले भाचेसाहेब. माझ्या पोटचा पोरगा, काल-परवापर्यंत नाक पुसायला माझंच बोट लागायचं. बिल्डरच्या ऑफिसात लागला आणि गल्लीनं त्याचा साहेब केला.

भाचा: आई, प्लीज. आज नको.

ताई: पंख्याला खालून काठीनं ढोसावं लागतं. एवढी वर्षं या घरात वाढलास, तेवढं माहीत असायला हवं.

भाचा: तेच तर सांगतोय मी लोकांना. पंख्याला काठी लागते, जिन्याला दोरी लागते, छताखाली बादल्या लागतात. माझं सगळं लहानपण त्या दालनात बादल्या सरकवण्यात गेलं. मामा प्रार्थना सांगतायत आणि मी अंधारात बोटांनी चाचपतोय, कुठली भरली. हे कुणाला आवडून राहायचंय? काका, खरं सांगा, तुमच्या मागच्या खोलीची भिंत अंगठ्यानं दाबली तर आत जाते की नाही?

गादीवाला: जाते. मी दाबत नाही.

भाचा: बघा. आणि तिकडं सगळं कोरडं. नळाला दिवसभर पाणी, लिफ्ट, पोरांना खेळायला जागा. मी वाईट काही सांगत नाहीये हो.

गादीवाला: वाईट कुठं म्हणतोय मी. मी जाऊन बघून आलो ती घरं. छान आहेत. मला अकरावा मजला. आता तूच सांग बाबा, अकराव्या मजल्यावर मी कापूस पिंजला तर खालच्या दहा मजल्यांना खोकला लागेल. बरं, नाही पिंजला, तर मी करू काय? आणि तिथं गादी भरून घेणार कोण? मी त्या वॉचमनला विचारलं, तर तो हसला. म्हणे इथं सगळे फोनवर मागवतात, गुंडाळी करून येते, कात्री लावली की आपोआप फुगते. आपोआप फुगणारी गादी. मी तिथंच पायरीवर बसलो.

भाचा: काका, काळ बदलतो. तुम्ही दुसरं काहीतरी...

गादीवाला: या वयात? मला दुसरं झोपता येतं फक्त, तेही स्वतः भरलेल्या गादीवर.

भाचा: आणि इथं राहिलात तर? एक दिवस भिंतच येईल अंगावर. तेव्हा लोक मलाच विचारतील, तुला माहीत होतं, तू काय केलंस. आई, तू तरी समजून घे. मी यांच्या वाईटावर नाही.

ताई: मला ठाऊक आहे तू वाईटावर नाहीस. म्हणूनच जास्त कटकट आहे. वाईट असतास तर लाटणं पुरलं असतं. बरं, मला एक सांग. सगळ्यांची घरं खाणीपलीकडं. बस दिवसातून दोनदा. मग इथं कोण राहणार?

भाचा: इथं टॉवर येणार. चार. दुसरे लोक.

ताई: आणि प्रार्थनाघर?

भाचा: ते राहणार. म्हणजे जुनं पाडून नवं, पण इथंच, मधोमध. बागेच्या मध्ये. तुला माहितेय की, मामांच्या खोलीत मॉडेल आहे.

गादीवाला: कसलं मॉडेल?

ताई: पुठ्ठ्याचं. एवढंसं प्रार्थनाघर. यानंच आणून दिलं. गुरुजी रोज सकाळी त्याची धूळ पुसतो, मऊ फडक्यानं. या घरात बाकी कशाची धूळ पुसताना मी त्याला पाहिलेलं नाही.

गादीवाला: बघू तरी.

ताई: थांब, आणते. उठू नकोस रे, सापडेल मला. तुझ्या उशाशीच आहे. हं, हे बघ. जपून, घुमट नुसता चिकटवलेला आहे.

गादीवाला: अरे वा. रंगीत काचासुद्धा? छान आहे की. आत पायऱ्या, बाकं... आणि ही माणसं कोण?

भाचा: ती प्लास्टिकची असतात, काका. अंदाज यावा म्हणून ठेवतात, माणसाच्या मानानं दार केवढं, घुमट केवढा.

गादीवाला: नाही, माणसं कळली. मी आपल्यातलं कुणी दिसतंय का ते बघत होतो. सगळी उंच आहेत. हातात पिशवीसुद्धा नाही कुणाच्या. आजींसारखं वाकलेलं कुणी नाही.

भाचा: वाकलेली बनवत नाहीत.

गादीवाला: ते दिसतंयच.

ताई: गुरुजी, तू त्याच्याकडे बघ, पुठ्ठ्याकडे नको बघूस. तो तुझ्याशी बोलतोय.

गुरुजी: …

भाचा: आई, त्यांना त्रास देऊ नकोस. त्यांचं व्रत आहे.

ताई: तू नको व्रताचं मला शिकवूस. आणि मी? मी कुठं राहणार या नकाशात? मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून स्वतःच विचारते.

भाचा: तू मामांच्या शेजारी. प्रार्थनाघराच्या मागं तीन मजली घर आहे, तिसऱ्या मजल्यावर तुझी खोली. लिफ्ट आहे. उजेड येतो दोन्ही बाजूंनी.

ताई: म्हणजे आपण तिघं इथंच. गल्ली तिकडं, आपण इकडं.

भाचा: आई, हे मी मिळवून घेतलंय. सगळ्यांना नाही मिळत. मी ऑफिसात भांडलो त्यासाठी.

ताई: आणि सकाळी उठून मी कुणाशी भांडू? खिडकीतून खाली वाकले तर बाग. बागेशी भांडू? नळावर माझा नंबर कोण घेईल? कुणाच्या सुनेला मी नावं ठेवू? तू मला लिफ्ट देतोस रे, पण वर नेऊन ठेवणार कुणापाशी?

भाचा: तू असं काही बोलतेस की माणसाला उत्तरच देता येत नाही.

ताई: मग देऊ नकोस. दुसऱ्याचं दे. हे सगळं तुझ्या मामाला आधीपासून ठाऊक होतं?

भाचा: मॉडेल दिलं तेव्हा सांगितलं सगळं.

ताई: आणि मौन? ते मॉडेलच्या आधी धरलं की नंतर?

भाचा: आई, लोक जमलेत. मला आत जायला हवं.

ताई: आधी की नंतर?

भाचा: मामांना मी काहीही करायला सांगितलं नाही. खरंच. लोकांना जा म्हणा, असंसुद्धा नाही म्हटलं. मी फक्त म्हटलं, साहेबांना तुमच्याकडून होकार नकोय. तुम्ही फक्त नको म्हणू नका. एवढंच. सभा होईपर्यंत.

गादीवाला: एवढंच.

भाचा: मग दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी मौन धरलंय. ती माझी कल्पना नव्हती. मला तर... मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, मामांनी किती सुंदर मार्ग काढला.

ताई: सुंदर. हो. मी दोन आठवडे दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, हळू बोला, व्रत चाललंय. पोरांना दटावलं, गल्लीत चेंडू खेळू दिला नाही. नर्स बहिणींतली धाकटी रात्रपाळी करून आली होती, दार वाजवलं तर तिच्यावर ओरडले. तिला काय विचारायचं होतं कुणास ठाऊक. आणि हा आत बसून पुठ्ठ्याची धूळ पुसतोय.

गादीवाला: जाऊ द्या, ताई.

ताई: जाऊ द्या कसं? तुझं तर सगळंच जातंय, आणि तूच म्हणतोस जाऊ द्या.

गादीवाला: गुरुजींनी माझ्या बापाला शेवटचं पाणी पाजलंय. माझी पोरगी अडली होती तेव्हा भर दुपारी पायी आले होते दवाखान्यात. मी त्यांना काय बोलणार? मला बोलता येत नाही. मी फक्त एवढंच सांगायला आलो होतो, गुरुजी, की आज सभेत मी हात वर करणार नाही. तुमचा हात डोक्यावर पडला असला तरी. तुमचा शब्द मोडतोय असं वाटलं, म्हणून मोडायच्या आधी तोंडावर सांगावं. आता कळलं की शब्द नव्हताच. तरी मोडताना जड जातंय बघा.

भाचा: काका, तुम्ही एकट्यानं हात खाली ठेवलात तर काय होणार? बाकी सगळे तयार आहेत.

गादीवाला: होणार काही नाही. माझा हात आहे, मी ठेवीन खाली.

ताई: दोन हात. माझाही धर.

भाचा: आई, तू माझ्या विरुद्ध?

ताई: तुझ्या विरुद्ध कशाला? मी तुझ्यासाठी संध्याकाळी जेवायला थांबणारच आहे. पण हात खाली.

भाचा: आणि सभेत बोलणार कोण? गुरुजींनी विचारल्याशिवाय तिथं कुणी बोलत नाही. रीत आहे. मी एकच प्रश्न विचारणार, कोण तयार आहे, हात वर करा. शेजारच्याचा वर गेला की आपला जातो. मी बघितलंय दुसऱ्या वस्त्यांत. दहा मिनिटांत उरकतं.

ताई: म्हणजे गुरुजी गप्प, म्हणून सगळे गप्प, म्हणून तू मोकळा.

भाचा: मी असं नाही म्हटलं.

ताई: नाही म्हटलंस. या घरात सध्या कुणीच काही म्हणत नाही, आणि सगळं होतंय. ऊठ, गादीवाल्या. चल.

गादीवाला: कुठं?

ताई: आत. विचारायला. गुरुजी विचारत नाही ना, मग मी विचारते. चार शब्द तर आहेत. लहानपणापासून ऐकतेय, पाठ आहेत.

भाचा: आई, तू? आजपर्यंत कुठल्या बाईनं विचारलंय? लोक हसतील.

ताई: हसू देत. हसायला तोंड उघडतील, तेवढ्यात बोलतीलही.

भाचा: आई, ऐक. मामा, तुम्ही तिला थांबवा, निदान हातानं तरी. आज काही गडबड झाली ना, तर साहेब प्रार्थनाघर पण ठेवणार नाहीत. मला स्पष्ट सांगितलंय. नकाशातून काढतील. दुसरीकडून रस्ता काढतील, परवानग्या त्यांच्याकडे आहेत, कोर्टात वर्षं जातील आणि शेवटी हे छत आपोआपच खाली येईल. मग नवंही नाही आणि जुनंही नाही. आणि माझी नोकरी... ते जाऊ दे. तुमच्या बाबांनी आणि आजोबांनी सांभाळलेली जागा तुमच्या हातून जाईल, मामा. एवढं डोळ्यांसमोर ठेवा.

ताई: आता तू बाबांचं नाव काढलंस. आम्ही दोघं त्यांची पोरं, आम्ही काढलं तरी अर्ध्यावर सोडतो, आणि तू काढलंस.

गादीवाला: ताई, इकडून कुठं? गल्लीतून जाऊ या की, वळसा घालून.

ताई: नाही. आज या मधल्या दारानं. आयुष्यभर वळसा घातला. बाबा या दारानं जायचे, मग हा जायला लागला. मी आपली चहाचं भांडं उतरवून, चुलीवर झाकण ठेवून, चप्पल घालून, पूर्ण गल्लीला फेरा मारून मागं बायकांत बसायची. सहा पावलांवर दार. मला कुणी नको म्हटलं नव्हतं बरं का. फक्त कुणी ये म्हटलं नव्हतं.

भाचा: आई.

ताई: उघड ना मेल्या. कडी तर काढलेली आहे. गादीवाल्या, जरा खांदा लाव. फुगलंय वाटतं.

गादीवाला: मी ढकलतो. सरका. हलत नाही हो.

गुरुजी: ओढ, ताई. ढकलून उघडत नाही ते.

ताई: …

गादीवाला: गुरुजी.

भाचा: मामा, तुमचं व्रत.

गुरुजी: कसलं व्रत? पाणी दे जरा. सरबत नको. घसा चिकटलाय.

ताई: घे. हळू. एवढा घोगरा कसा झाला आवाज?

गुरुजी: वापरला नाही. गंजतो. आणि साखरच मागत होतो मी. तिसऱ्यांदा मान हलवली ती तुझ्या बडबडीला कंटाळून.

ताई: उद्या बोलू साखरेचं. आता काय करणार आहेस?

गुरुजी: ते मॉडेल इकडं दे. नको, राहू दे इथंच. काखेत घेऊन कुठं मिरवू. तू बाजूला हो, भाचेबुवा.

भाचा: मामा, मी हात जोडतो. एक दिवस. फक्त आजचा दिवस. उद्या काय हवं ते बोला.

गुरुजी: उद्या ऐकायला इथं कोण असणार आहे?

भाचा: प्रार्थनाघर जाईल.

गुरुजी: जाऊ दे.

भाचा: असं कसं जाऊ दे? तुम्ही राहणार कुठं?

गुरुजी: अकराव्या मजल्यावर. यांच्याकडे गादी आहे. नाहीतर इथंच बादल्या लावत बसू. तू लहानपणी लावायचास, आता मी लावीन. बिल्डरला सांग, मामा ऐकत नाही. तुझ्यावर येऊ देऊ नकोस.

भाचा: माझ्यावर येणारच.

गुरुजी: मग ये माझ्याकडे राहायला. ताई, तू पुढं हो. तूच ओढ दार. मुठीला धरून, थोडं वर उचलून. हां, तसं.

(मधलं दार उघडतं. पलीकडच्या दालनातली कुजबूज थांबते.)

भाचा: बसा, मंडळी, बसा. उठू नका. गुरुजींचं मौन उद्यापर्यंत आहे. ते फक्त आशीर्वाद द्यायला आलेत. तर आपण वेळ न घालवता, जे तयार आहेत त्यांनी...

गुरुजी: कुणाचं काही राहिलंय का?

गादीवाला: राहिलंय, गुरुजी. माझं राहिलंय. सगळ्यांचंच राहिलंय. हे बघा, मागं आजी उभ्या राहिल्या. कुलूपवाला उभा राहिला.

गुरुजी: दिसतायत मला. सगळ्यांचं ऐकायचंय, आज कितीही वेळ लागू दे. आजी, तुम्ही बसा तोवर, गुडघे दुखतील. पण आज रीत थोडी मोडतो. आधी माझं राहिलंय.

भाचा: मामा, नका.

गुरुजी: या पोराकडे असं बघू नका. त्यानं मला गप्प राहा म्हटलं, तर त्याला मौन हे नाव मी दिलं. नाव चांगलं होतं, तुम्ही सगळे पाय न वाजवता चालायला लागलात. आणि तुमच्या डोक्यावर जो हात ठेवला, त्यात काही नव्हतं. जा पण नाही आणि थांबा पण नाही. सवयीनं उचलला जातो तो. त्यावरून ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं, त्यांचं हो मी परत करतोय. जायचं त्यानं जावं, आपल्या मनानं. माझा हात आज वर जाणार नाही, आणि कुणी विचारलं तर मी तोंडानं नको म्हणेन. बिल्डरसमोरही म्हणेन.

गादीवाला: बस झालं, गुरुजी. एवढं पुरे आम्हाला.

ताई: हो, पुरे. ऐका ना सगळे. तो घाबरला होता, दुसरं काही नाही. प्रार्थनाघर पाडतील म्हणून घाबरला. बाबांची जागा आहे ही. कुणीही घाबरलं असतं. सांग की त्यांना, घाबरला होतास.

गुरुजी: नाही, ताई. घाबरलो असतो तर आता सोपं गेलं असतं.

ताई: मग राहू दे. बाकीचं राहू दे.

गुरुजी: मला ते नवं प्रार्थनाघर हवं होतं. तुम्ही कुणी त्यात नसलात, तरी हवं होतं.